चार पुंगळ्यांची परीक्षा

विनय मिरीकर मूळचा नगरचा. पुण्यात काही वर्षं नोकरी केली, मग आयर्लंडला आला, आणि गेली बारा वर्षं कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत औषधांच्या एका कारखान्यात आहे. काम व्हॅलिडेशनचं. नवं यंत्र आलं की ते सांगितलेलं काम खरोखर करतं का, हे चालवून पाहायचं. पुन्हा पुन्हा पाहायचं आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. हा नियम त्याच्या अंगात इतका मुरला होता की घरी आमटी खारट लागली तरी तो विचारायचा, "मीठ तेच आहे की डाळ बदललीस?"

"जीभ तीच आहे," सुनेत्रा म्हणायची. "गप जेव."

माणूस सरळ, पण घुमा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला लोक हॉलमध्ये गप्पा छाटत असायचे, तेव्हा हा दारापाशी उभा राहून चपला नीट लावायचा. कोणाच्या घरी जायचं तर आमंत्रण लागायचं, आमंत्रण आलं तरी खरंच बोलावलंय की शिष्टाचार म्हणून, यावर दोन दिवस खल चालायचा. शेजारच्या आयरिश कुटुंबाशी इतक्या वर्षांत त्याचं हवामानापलीकडे बोलणं झालं नव्हतं. मुलगी इशिता मेनूथला शिकायला गेली आणि घर आणखीच शांत झालं. सुनेत्रा प्रयोगशाळेतली नोकरी, मैत्रिणी, नाटकाच्या तालमी यांत रमली. विनय मात्र कामावरून आला की खिडकीतून बंदरात लागणारी फेरी बोट बघत बसायचा.

त्याला बाहेर काढलं ते कॉन क्रेमिनने. कॉन त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. कॅरिगलाईनच्या पुढे त्याची थोडी शेती होती, दहा-बारा गाई होत्या आणि शेताच्या कडेला एक लांबलचक पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी एअर रायफलचा क्लब भरायचा. कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजीत विनयला पदक मिळालं होतं, हे एकदा कॅन्टीनमध्ये कसं कोण जाणे त्याच्या तोंडून निघून गेलं. कॉन म्हणाला, "मग गुरुवारी ये की, व्हिनी बॉय." विनयचा व्हिनी त्याच क्षणी झाला.

तो गेला, आणि जातच राहिला. इथे साध्या छर्‍याच्या रायफलीलाही गार्डांचा, म्हणजे इथल्या पोलिसांचा, परवाना लागतो, तोही त्याने रीतसर काढला. हातात बंदूक घेऊन तो घरी आला तेव्हा सुनेत्रा सोफ्यावरच बसली. "अरे, झुरळ मारायचं म्हटलं तरी तू मला हाक मारतोस!"

"इथे काही मारायचं नसतं," विनय म्हणाला. "पाट्या पाडायच्या."

शेडच्या दाराकडच्या टोकाला नेमबाज बसायचे. पार दुसर्‍या टोकाला, जाड पोलादी पत्र्यापुढे, हाताच्या पंजाएवढ्या लोखंडी पाट्या ओळीने उभ्या असायच्या. छर्रा बसला की टण् असा आवाज होऊन पाटी मागे पडायची. त्या आवाजासाठीच माणसं यायची म्हणा ना. पण विनयला आवडायचं ते टण् होण्याच्या आधीचं. समोरचा नेम धरत असेल तर कोणी बोलायचं नाही, असा तिथे दंडक होता. एरवी जिथे तिथे गप्प बसल्याबद्दल त्याला ओशाळं वाटायचं. इथे गप्प बसणं ही रीत होती. मध्येच कॉन किटली लावायचा, फुटक्या कपातून चहा फिरायचा, कोणीतरी म्हणायचं, "व्हिनी, आज तुझा हात दगडासारखा आहे," आणि तेवढं एक वाक्य त्याला पुढच्या गुरुवारपर्यंत पुरायचं.

दोन वर्षं अशी गेली. मग एका ऑक्टोबरच्या गुरुवारी कॉनने किटली लावली नाही. सगळे जमल्यावर टोपी काढून तो म्हणाला, "एक बोलायचंय. टेडबद्दल."

शेडच्या पाट्यांकडच्या टोकामागे झुडपांचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे टेड हर्लिहीचं घर. टेड ऐंशीच्या घरातला शेतकरी. कॉनच्या वडिलांनी आणि त्याने मिळून ही शेड नेमबाजीसाठी उभी केली होती. त्या लोखंडी पाट्यादेखील टेडनेच कापलेल्या. उन्हाळ्यात त्याला पक्षाघात झाला. जीव वाचला, चालायला लागला, पण डोकं कधी ताळ्यावर, कधी नाही. जिना चढता येत नाही म्हणून त्याची खाट खालच्या मागच्या खोलीत आणली होती.

"रविवारी चर्चच्या बाहेर ब्रीडा भेटली," कॉन म्हणाला. ब्रीडा म्हणजे टेडची बायको. "म्हणाली, गुरुवारी तो फार बेचैन होतो. आवाज आला की उठतो, काठीबिठी काही न घेता चालायला लागतो. दोनदा पडलाय. नर्स सांगून गेलीय, पुन्हा पडला तर घरी ठेवणं शक्य नाही, नर्सिंग होममध्ये कायमचं ठेवावं लागेल."

"मग बंद करू या," पोस्टात काम करणारा मायली म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

"तेच नकोय तिला. टेडला दिवसवार अजून बरोबर कळतो. गुरुवारी शेडमध्ये दिवा दिसला नाही की विचारेल. आपल्यामुळे क्लब बंद झाला हे त्याला कळलं तर शरमेने मरेल तो. ती म्हणाली, आमच्यासाठी थांबू नका, जमलं तर जरा हळू करा."

"बंदूक हळू कशी करणार?" मायली म्हणाला. "तिच्या कानात सांगायचं का?"

"मॉडरेटर," मागून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. विनय बोलला होता.

मॉडरेटर म्हणजे रायफलीच्या तोंडावर फिरवून बसवायची पुंगळी. छर्‍यामागून सुटणारी दाबाची हवा नळीबाहेर पडताना फटाक्यासारखा आवाज करते. पुंगळीच्या आतल्या कप्प्यांमध्ये ती हवा पसरते, मंदावते, मग बाहेर येते. आयर्लंडमध्ये तिलाही गार्डा सुपरिंटेंडंटची वेगळी मंजुरी लागते, म्हणून क्लबमध्ये चौघांकडेच त्या होत्या. चारी वेगवेगळ्या. त्यांतली चांगली कोणती, यावर चहा पिताना वाद घालायचा हा जुना करमणुकीचा विषय.

"चारी आणा," विनय म्हणाला. "मी लावून पाहतो. जी सगळ्यांत शांत असेल, तिच्यासाठी सगळ्यांनी अर्ज करायचा." एवढं सलग तो त्या शेडमध्ये पहिल्यांदाच बोलत होता.

त्यामागे एक कारण होतं, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याचे वडील पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात वारले होते. जागा चांगली होती, स्वच्छ होती, झाडंही होती. व्हिडिओ कॉलवर ते दर वेळी विचारायचे, "विनू, इथलं काम कधी आटपतंय?" आपण कुठल्या तरी कामासाठी इथे आलोय आणि ते संपलं की घरी जायचंय, अशी त्यांची समजूत होती. विनय म्हणायचा, "होईल, बाबा." टेड हर्लिहीला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. पण एक म्हातारा आपल्या घरात राहू शकतो की नाही हे आता एका पुंगळीवर येऊन ठेपलं आहे, आणि तपासणं हेच तर आपल्याला येतं, असं त्याच्या मनाने घेतलं.

पुढच्या आठवड्यात तीन संध्याकाळी परीक्षा चालली. कारखान्यातल्या सेफ्टी विभागाची परवानगी घेऊन विनयने क्षणभराचा आवाज पकडणारं मीटर आणलं. रायफल एकच, कॉनची. छर्रे एकाच डबीतले. सिलिंडरमध्ये हवेचा दाब दर वेळी तेवढाच. चाप ओढणारा कॉनच. बदलायची ती फक्त पुंगळी.

पहिलीच अडचण पाट्यांची आली. नळीचा फट् आणि पाटीचा टण् इतके पाठोपाठ यायचे की मीटर दोन्ही एकाच घासात गिळायचं. कॉनची पुंगळी आणि मायलीची पुंगळी यांचे आकडे जवळजवळ सारखेच येऊ लागले. विनय डोकं खाजवत बसला, मग कॉनच्या गोठ्यात गेला. तिथे गाईंच्या अंगाखाली अंथरायची जाड रबराची चटई भिंतीला टेकवून ठेवली होती. दोघांनी ती ओढत आणली आणि पाट्यांपुढे आढ्यावरून सैल टांगली. छर्रा आता चटईत शिरायचा आणि निमूट खाली पडायचा.

"लक्ष्यालाच मुकं केलंस की," कॉन म्हणाला.

"लक्ष्याचा आवाज चारी वेळा तोच. तुलनेत तो धरायचा नसतो."

"बरं बाबा. डॉक्टर तू."

मग काम झरझर झालं. कॉनची पुंगळी कार्बनची, बारीक, दिसायला देखणी, पण तिचा आवाज कोरडा, फळीवर टाचणी आपटल्यासारखा. दुसरी लांब, आत एकात एक बसवलेल्या वाट्यांची रांग. ती बरी होती, पण नळीच्या टोकाला इतकं वजन यायचं की नेम बोटभर खाली जायचा. तिसरी नळीवर मागे सरकून बसायची. रायफलीची लांबी फारशी वाढायची नाही म्हणून तिचा मालक तिच्यावर खूश, पण पाचसहा छर्‍यांनंतर ती सैल पडून खुळखुळायची. चौथी मायलीची. आखूड, जाड, आतून फेल्टच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्यांनी भरलेली. दिसायला सूपच्या पत्र्याच्या डब्यासारखी, म्हणून सगळे तिला हसायचे. तिच्यातून छर्रा सुटला की ओल्या टॉवेलवर चापट मारावी तेवढाच आवाज व्हायचा.

विनयने मीटर नेमबाजाच्या कानाशी धरलं, नळीच्या बाजूला धरलं, दार उघडं ठेवून बाहेर अंगणात धरलं. मग सगळ्यांना डोळे मिटून बसवलं, कोणती पुंगळी लावली ते न सांगता बार काढले, आणि कोणती आवडली ते विचारलं.

"ही माझ्या सासूला बसेल का?" मायलीने डोळे मिटूनच विचारलं.

"आटे जुळायला पाहिजेत," विनय म्हणाला. सगळी शेड हसली. विनयने इंग्रजीत विनोद करून माणसं हसवली, असं याआधी झालं नव्हतं.

निकालात मीटर आणि कान दोन्ही मायलीच्या डब्याच्या बाजूने होते. कॉनने विनयच्या पाठीवर थाप मारली. घरी जाऊन विनय जेवताना फेल्टबद्दल इतकं बोलला की सुनेत्राने शेवटी त्याच्या पानात पोळी वाढणं थांबवलं आणि त्याच्याकडे पाहत राहिली. "काय झालंय तुला? बरा आहेस ना?"

"मस्त आहे," तो म्हणाला.

शेवटच्या संध्याकाळी, परीक्षा आटोपल्यावर, विनयने स्वतः शिडीवर चढून चटईचे दोर सोडले. चाचणीसाठी आणलेलं सामान चाचणी संपली की काढून जागच्या जागी ठेवायचं, ही कारखान्याची शिस्त. चटई परत गोठ्यात गेली. तिच्यावर एक गाभण गाय त्या हिवाळ्यात बसली.

अर्ज गेले. गार्डा स्टेशनातून फोन आले, सह्या झाल्या. डिसेंबर लागता लागता क्लबमधल्या प्रत्येक रायफलीच्या तोंडावर जाड डबा बसला. शेडमध्ये आता फट् ऐकूच येत नसे. उलट टण् पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू यायचा, एखाद्या घंटेसारखा, आणि सगळ्यांना तो फार गोड वाटायचा.

विनयने कॉनला दोनदा विचारलं, "ब्रीडाशी बोललास? फरक पडला का?"

"विचारलं. म्हणाली, ग्रँड. तुझे आभार मानायला सांगितलेत."

कारखान्यात एखादा ऑपरेटर नुसतं 'ग्रँड', म्हणजे सगळं ठीक, एवढंच म्हणाला असता तर विनयने त्याच्याकडून आकडे मागून घेतले असते, स्वतः जाऊन यंत्रासमोर उभा राहिला असता. इथे त्याच्या मनात एकदा येऊन गेलं की कुंपणापलीकडे जाऊन, त्या मागच्या खोलीत उभं राहून एकदा ऐकावं. पण अनोळखी घर, आजारी माणूस, आणि आपण कोण, तर बंदूकवाले. दार वाजवून काय म्हणायचं? त्याने ते पुढच्या आठवड्यावर टाकलं, मग नाताळ आला, मग ते राहूनच गेलं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी विनयचा हात चांगला चालला होता. एका दमात त्याने सगळ्या पाट्या पाडल्या, एकही चुकली नाही. मायलीने शिट्टी वाजवली. कॉन पाट्या उभ्या करायला त्या टोकाला गेला आणि तिथेच थबकला. कुंपणापलीकडून ब्रीडाची हाक येत होती.

टेड अंगणात सापडला, घराच्या मागच्या दारापासून बराच दूर, शेताच्या लोखंडी फाटकाच्या अलीकडे. पाऊस पडत होता, अंगात नुसता सदरा. खुब्याचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत कॉनने त्याच्यावर आपला कोट धरला. विनय कुंपणाच्या अलीकडे उभा होता. टेडला त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लांबून, टॉर्चच्या उजेडात, आणि तेही नुसता हात.

दोन आठवड्यांनी इस्पितळातून टेड थेट बँडनच्या बाजूच्या एका नर्सिंग होममध्ये गेला. घरी परत येण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

"ब्रीडाकडे जायचंय," कॉन म्हणाला. "तूही चल. तिने विचारलं, तो व्हिनी कधी दिसत नाही."

दोघं मागच्या दाराने आत शिरले. कॉनने दार वाजवलंही नाही, नुसतं ढकललं. स्वयंपाकघर ऊबदार होतं. ब्रीडा बारीक चणीची, पांढरे केस आखूड कापलेले. तिने कपाटातून चांगले कप काढले, मनुकांचा ब्रेड कापला, लोणी लावलं. विनय खुर्चीच्या काठावर बसला होता.

"तुम्ही खूप केलंत हो," ती त्याला म्हणाली. "कॉन सांगत होता. रात्री जागून, मीटरबिटर लावून."

"उपयोग झाला नाही," विनय कसंबसं म्हणाला.

"बंदुकीचं त्याला काही नव्हतं. बंदुकीच्या आवाजात तर जन्म गेला त्याचा. त्याला ते फाटक वाटायचं."

"फाटक?"

"ते लोखंडी, शेताचं. तुमची पाटी वाजली की म्हणायचा, ब्रीडा, फाटक कोणी उघडं टाकलं, गाई रस्त्यावर जातील. लागला चालायला. मी म्हणायची, टेड, गाई कधीच विकल्या आपण. ऐकायचा नाही. हुबेहूब तसाच आवाज ना, फाटक वार्‍याने आपटतं तसा." तिने कपात दूध ओतलं. "अधेमधे एकदा फार छान गेलं. ऑक्टोबरात, तुम्ही ते सारखं येऊन तपासत होतात तेव्हा. पहिल्या दिवशी सुरुवातीला जरा उठला तेवढंच, मग तीनही संध्याकाळी खुर्चीत शांत झोपला, हलला नाही. मी म्हटलं, तो व्हिनी जे काय करतोय त्याला देव सुखी ठेवो. मग पुढच्या गुरुवारपासून पुन्हा तेच. त्या आठवड्यात काय वेगळं होतं हो?"

विनयने चमचा खाली ठेवला. कॉन खिडकीबाहेर पाहू लागला.

"चाचणी होती," कॉन म्हणाला.

"हां," ब्रीडा म्हणाली. "घ्या ना, ब्रेड घ्या."

बाहेर आल्यावर विनय गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. "मी चटई काढली."

"तू नसती काढलीस तर आम्ही काढायला लावली असती. टण् वाजल्याशिवाय कोण येतं इथे?"

"तीन दिवस उपाय समोर टांगलेला होता. मीच म्हणालो, पाटीचा आवाज धरायचा नाही. आणि तू सांगितलंस तो उठतो. का उठतो ते मी विचारलं नाही."

"मीही नाही विचारलं, व्हिनी. शेजारी तर मी आहे." कॉनने कुंपणाकडे पाहिलं. "तिला सांगणार आहेस?"

विनय गाडीत बसला. घरी मात्र सुनेत्राला सगळं सांगितलं, डोळ्याला डोळा न देता. तिने टीव्ही बंद केला.

"कुंपण ओलांडून जाणं एवढं अवघड होतं का रे?"

"ओळख ना देख. काय म्हणून जायचं?"

"डबा घेऊन जायचं. शिरा करून दिला असता मी." ती चिडली होती, पण मग आवाज उतरला. "बाबांच्या वेळीही तू त्या आश्रमाचं सगळं तपासलंस. खोल्या, जेवण, डॉक्टर, अगदी पाण्याची टाकीसुद्धा. त्यांना काय हवंय ते मात्र विचारलं नाहीस. आपण कोणीच विचारलं नाही. मीही."

विनय खिडकीशी जाऊन बंदरातली फेरी बोट बघत उभा राहिला. बर्‍याच वेळाने म्हणाला, "ब्रीडाला सांगू का?"

"सांगून तुला हलकं वाटेल. तिला काय मिळणार? तिला त्या होममध्ये कोण नेतं ते विचार आधी. गाडी चालवते का ती?"

ती चालवत नव्हती. बस होती, पण रविवारी नव्हती. पुढच्या रविवारी विनय सुनेत्राने दिलेला शिर्‍याचा डबा घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला, आणि बराच वेळ उभा राहून मग दार ढकललं.

आता तो दर रविवारी ब्रीडाला होममध्ये घेऊन जातो. चटई पुन्हा टांगली गेली आहे, कायमची. पाट्यांच्या जागी कागदाची लक्ष्यं लागली, गुरुवारी कुंपणापलीकडे काही म्हणता काही ऐकू जात नाही. तिकडे ऐकायला फक्त ब्रीडा आहे. टण् गेल्यावर एकेक माणूस गळत गेला, मायली दुसर्‍या क्लबात जाऊ लागला. विनय शेडमध्ये जातो, कॉनबरोबर चहा पितो. रायफल पिशवीतून काढत नाही.

तिसर्‍या की चौथ्या रविवारी, गाडीत, बँडनच्या रस्त्यावर पाऊस काचेवर आपटत असताना विनयने तोंड उघडलं. "मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"चटईचं ना? कॉनने सांगितलं मला." ब्रीडा समोर रस्त्याकडे पाहत होती. मांडीवर टेडचे धुतलेले सदरे होते, त्यांची घडी ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती. "मीही तोंड मिटून बसले. ग्रँड म्हणाले कॉनला. काय म्हणणार? लोकांना त्रास." मग म्हणाली, "आमचं मागचं दार उघडंच असतं, विनय. कधीच कुलूप नसतं त्याला."

तिने त्याचं नाव नीट उच्चारलं होतं. त्याला क्षमा वाटेल असं त्यात काही नव्हतं, आणि राग वाटेल असंही नव्हतं. तो वायपरकडे पाहत गाडी चालवत राहिला.

टेडची खोली लांब कॉरिडॉरच्या मधोमध होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. ब्रीडाने त्याचे केस विंचरले, सदरे कपाटात ठेवले, नर्सशी बोलायला बाहेर गेली. विनय खुर्चीवर बसला. टेड उशीला टेकून होता. मोठे हात पांघरुणावर, बोटं लोखंड कापणार्‍या माणसाची, जाड आणि आता स्वच्छ.

बाहेर जेवणाच्या गाड्या फिरत होत्या. झाकणं वाजत होती, कुठे पलंगाचा कठडा खडकन् खाली येत होता, दारं आपटत होती. मग अगदी खोलीबाहेर कोणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला आणि टणकन् आवाज झाला. विनय खुर्चीतून अर्धवट उठला. हात आपोआप पुढे गेला, टेडला धरायला, तो आता उठणार, चालू लागणार म्हणून.

टेड हलला नाही. मानसुद्धा वळली नाही. डोळे खिडकीकडे होते तसेच राहिले.

विनय खाली बसला. कॉरिडॉरमध्ये ती मुलगी सॉरी सॉरी म्हणत भांडी गोळा करत होती, एकेक भांडं ट्रेवर पुन्हा वाजत होतं.

ब्रीडा परत आली. "नर्स म्हणतेय, आता रुळलाय. काही त्रास देत नाही." तिने टेडच्या हातावर हात ठेवला. "काही बोलला का?"

"नाही," विनय म्हणाला.

ती खुर्ची ओढून पलंगाच्या दुसर्‍या बाजूला बसली. भेटीची वेळ संपायला बराच अवकाश होता. दोघं बसून राहिले.